दोन घरांचं वैर, मधे प्रेम आणि जादू: कुमार कादंबरीचा आराखडा तपासून हवा आहे

शाईदौत

मंडळी, एक हस्तलिखित अडलं आहे. १४ ते १८ वयाच्या वाचकांसाठी, सुमारे ७२ हजार शब्द. मालवण तालुक्यातलं काल्पनिक गाव, काळ आजचा. एकाच भावकीतली दोन घरं, वरचं घर आणि खालचं घर. तीन पिढ्यांचं वैर, कारण जमीन. वरच्या घरातली मुलगी १७ वर्षांची. तिचे अश्रू जमिनीवर पडले की मोती होतात. खालच्या घरातला मुलगा १८ वर्षांचा. त्याला पक्ष्यांची भाषा कळते. प्रेम, घरी कळणं, पळून जाऊन लग्न, शेवटी दोन्ही घरांचा समेट. कथानक जून ते पुढचा मे असं वर्षभर चालतं.

वाचणाऱ्यांच्या तक्रारी तीन. जादू वरून चिकटवल्यासारखी वाटते. वैर 'जमिनीवरून भांडण' यापुढे सरकत नाही. आणि प्रेम सिनेमातलं वाटतं. मला परीकथा नको, जादुई वास्तववादच हवा आहे. वैर किती खोलात सांगायचं, जादूचं प्रमाण किती, मालवणी किती वापरायची? नेमकं सांगा, कौतुक नको.

दप्तरदार

वैरापासून सुरू करतो, कारण बाकी दोन्ही तक्रारी तिथूनच निघाल्या आहेत.

'जमिनीवरून' हा भांडणाचा विषय झाला, कारण नव्हे. वाचकाला एक वस्तू, एक कागद आणि एक दिवस दिसला पाहिजे. शेक्सपिअरने 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये व्हेरोनातल्या दोन घराण्यांच्या वैराचं कारण नाटकात कुठेच दिलेलं नाही, 'जुनं वैर' एवढ्यावर भागवलं. त्याला ते परवडलं, कारण त्याचा सगळा मामला चार-पाच दिवसांत आटोपतो. तुम्हाला वैर बारा महिने पोसायचं आहे.

मालवण म्हणजे जुना रत्नागिरी जिल्हा (सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला). तिथे खोत (गावाचा सारा गोळा करणारा वतनदार) आणि कूळ (त्याची जमीन कसणारा) हे नातं तयारच आहे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १९४८ च्या कूळकायद्यात नंतर दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. पुढे कलम ३२-ग खाली चौकशी होऊन किंमत ठरायची आणि पैसे भरले की ३२-म चं प्रमाणपत्र मिळायचं.

तुमच्या कामाची मेख आता. चौकशीला कूळ हजरच राहिलं नाही, किंवा 'मला जमीन घ्यायची नाही' असा जबाब त्याने दिला, तर खरेदी निष्फळ ठरायची. म्हणजे मामलेदाराच्या दप्तरात एक जबाब आहे आणि त्याखाली अंगठा आहे. वरचं घर म्हणतं, तुमच्या पणजोबाने राजीखुशीने दिला. खालचं घर म्हणतं, त्या दिवशी तो तापाने अंथरुणात होता, अंगठा कुणाचा ते तुम्हीच सांगा. एवढ्यावर साठ वर्षं दोन घरं एकमेकांच्या दारातलं पाणी पिणार नाहीत, आणि वाचकाला दोन्ही बाजू पटतील.

वयांचा हिशेब करून ठेवा. मुलगी २०२४ मध्ये १७ म्हणजे जन्म २००७. वडील १९७५ च्या आसपासचे, आजोबा १९४८ चे, पणजोबा १९२० चे. कृषक दिनाला आजोबा नऊ वर्षांचे होते. म्हणजे त्या काळचा हयात साक्षीदार म्हणजे तेव्हाचं एक पोर, कथेच्या वर्षी ७६ वर्षांचं. त्याला काय आठवतं आणि काय आठवावंसं वाटतं, यात दोन प्रकरणं सहज निघतात.

हमखास होणारी चूक: कुळाचा दावा दिवाणी कोर्टात चाललेला दाखवणं. कूळ आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी कोर्टाला नाही. तो वाद मामलेदार (आता तहसीलदार), मग प्रांताधिकारी, मग महसूल न्यायाधिकरण असा जातो. काळा कोट आणि हातोडीचा प्रसंग असेल तर काढा. तहसील कचेरीतला पंखा, पुढची तारीख आणि 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे जास्त खरं आहे. जुन्या फेरफाराची (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीची) नक्कल अर्ज करून मिळते, ती मुलीच्या हाती कशी लागेल ते बघा. आणि गाव सावंतवाडीकडे सरकवू नका. ते १९४८ पर्यंत संस्थान होतं, तिथल्या जमिनीचा इतिहास निराळा आहे.

तिसरीघंटा

दप्तरदारांनी जाता जाता प्रेमाचाही प्रश्न सोडवला.

भावकीतली दोन घरं म्हणजे एक मूळपुरुष आणि एकमेकांचं सुतक पाळणारी माणसं. कोकणातला वाचक या दोघांना चुलत भावंडं म्हणूनच वाचणार. तुम्हाला चोरटं प्रेम दाखवायचं आहे आणि वाचकाला ते किळसवाणं वाटणार, हा मोठा धोका आहे. कायद्यातही अडतं. सगोत्र विवाहाला आता हरकत नाही, पण हिंदू विवाह कायदा (१९५५) सपिंड नातं वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंत धरतो. पणजोबा सख्खे भाऊ असतील तर सामाईक पूर्वज बरोबर पाचव्या पिढीत येतो. म्हणजे हे लग्न रूढीचा आधार नसेल तर रद्दबातल. खोत आणि कूळ केलंत की हे सगळं मिटतं.

मात्र मग जात येते. ती 'ते लोक निराळे' अशा गुळमुळीत शब्दांत झाकू नका. १६ वर्षांच्या वाचकाला ओसरीपर्यंत कोण येतं आणि माजघरात कोण येत नाही, हे बरोबर कळतं. जातीचं नाव नाही घेतलंत तरी चालेल, पण पाण्याचा तांब्या कुठे ठेवतात ते दाखवा.

पळून जाऊन लग्न काढून टाका. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण लागतात. तुमच्या दोघांपैकी कुणाचंच वय बसत नाही. मुलगी १७ ची असताना शारीरिक संबंध आणलात तर तिच्या संमतीला कायद्यात किंमत नाही; २०१२ चा पॉक्सो कायदा (१८ खालच्या मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा) मुलाला लागतो. वरच्या घराने हेच हत्यार उपसलं तर? भाऊ काठ्या घेऊन येण्यापेक्षा वडील शांतपणे पोलीस ठाण्यात जाऊन बसतात, हे आजच्या वाचकाला जास्त घाबरवेल.

लग्नाची गोष्ट हवीच असेल तर ती मागच्या पिढीला द्या. वरच्या घरातली एक आत्या. तिने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली होती. ती कचेरीच्या फलकावर ३० दिवस लागते. एकोणिसाव्या दिवशी गावातला कुणीतरी दाखला काढायला गेला आणि त्याने फलक वाचला. आत्या अजून त्या घरात आहे. तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि भाचीला पहिल्यांदा ओळखते तीच.

भेटीच्या जागा मोजून तीन ठेवा. एक सगळ्यांसमोर: एसटी किंवा ज्युनिअर कॉलेज, जिथे बोलता येत नाही. एक कुणाच्याच मालकीची नसलेली: वहाळावरचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल). आणि एक शत्रूच्या घरात. तिसरी फक्त एकदा, कादंबरीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. तुमच्याकडे ते कुठेही, कधीही भेटतात असं दिसतंय, म्हणून सिनेमा. आणि मोबाइल विसरू नका. दोघांकडे फोन आहेत, मग भेटायची गरज का पडते, याचं उत्तर कथेत असलं पाहिजे. रेंज नाही हे उत्तर आता शिळं झालं.

माजघर

जादूबद्दल.

अश्रूंचे मोती आणि पक्ष्यांची भाषा यांचा वैराशी काही संबंध नाही. उद्या दोन्ही घरांचं भांडण मिटलं तरी मोती पडतच राहतील, म्हणून ते चिकटवलेले वाटतात. कसोटी सोपी: जादू काढून टाकली आणि वैर जसंच्या तसं उभं राहिलं, तर जादू चुकीची निवडली आहे. या प्रकारात अॅना-मरी मॅकलेमोरची 'द वेट ऑफ फेदर्स' (२०१५) बघा. गावोगाव खेळ करणारी दोन वैरी कुटुंबं, आणि समोरच्या घरातल्या माणसाचा स्पर्श म्हणजे अनर्थ ही दोन्हीकडची ठाम समजूत. त्या एका नियमात वैर, जादू आणि प्रेमाची अडचण तिन्ही बसतात.

तुमच्यासाठी एक सुचवतो. बांधावर फणस आहे. (कोकणात झाड एकाचं आणि जमीन दुसऱ्याची, असं असतंच.) त्या जबाबाच्या वर्षापासून वरच्या घराकडे पडणाऱ्या फणसात गरे असतात, आठळ्या नसतात. खालच्या घराकडे पडणाऱ्यात आठळ्या असतात, गरे नसतात. एकाला खायला, दुसऱ्याला पेरायला. वरच्या घराच्या आवारात साठ वर्षांत नवा फणस उगवलेला नाही. खालच्या घराने साठ पावसाळे आठळ्यांची भाजी खाल्ली. जादूने दोघांकडूनही किंमत वसूल केली पाहिजे, नुसती शोभा नको.

आता सूर. जादुई वास्तववादाचा मोठा लेखक गार्सिया मार्केझ, त्याने मुलाखतीत सांगितलं आहे की त्याची आजी अचाट गोष्टी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायची, आणि तोच सूर त्याने उचलला. त्याच मुलाखतीत तो म्हणतो की हत्ती उडतात म्हटलं तर कुणी ऐकत नाही, चारशे पंचवीस हत्ती उडतात म्हटलं तर लोक कदाचित मानतील. म्हणजे आकडा द्या, विशेषण नको. तुमच्या पद्धतीने लिहिलं तर असं होईल:

'तिने फणस फोडला आणि ती थक्क झाली. आत एकही आठळी नव्हती! जणू कुणा अदृश्य शक्तीने त्या काढून घेतल्या होत्या.'

हे असं करून बघा:

'फणस अकरा किलोचा होता. काकीने हाताला आणि कोयत्याला खोबरेल लावलं, मधोमध चिरला, चीक वर्तमानपत्राने पुसून घेतला. गरे कापा जातीचे, आठळ्या नेहमीसारख्याच नव्हत्या. पाहुण्यांनी विचारलं तसं काकी म्हणाली, "आमच्याकडे नसतात," आणि गरे परातीत काढू लागली.'

पाहुण्याला नवल वाटलं तर चालेल, निवेदकाला वाटता कामा नये. हस्तलिखितात शोधून हे शब्द तपासा: जणू, अचानक, गूढ, अद्भुत, चमत्कार, थक्क, 'विश्वासच बसेना', 'भास झाला'. दहातले नऊ उडवता येतील. स्वप्नात घडलं म्हणून सुटका करून घेऊ नका, आणि शेवटी शास्त्रीय खुलासाही नको. उलट गावाने जादूशी व्यवहार कसा केला ते दाखवा. कृषी विभागाचा माणूस आला, फांदी कापून नेली, अहवाल आलाच नाही. कुणीतरी युट्यूबवर टाकलं, खाली 'फेक' अशा प्रतिक्रिया आल्या.

प्रमाण म्हणाल तर एका कादंबरीला एकच मूळ जादू, आणि तिची पाच-सहा दर्शनं. पहिलं पहिल्या दीड हजार शब्दांत यावं. उशीर केलात तर वाचक वास्तववादी कादंबरीच्या तयारीने बसतो आणि नंतर फसवल्यासारखं वाटतं. राखणदार, देवचार हे गावाच्या श्रद्धेचा भाग म्हणून बोलण्यात येऊ द्या, पण त्यांना पात्र करू नका. लगेच भुताची गोष्ट होते.

आणि एक अख्खं प्रकरण तुमच्या तालुक्यात तयार आहे: गावपळण. आचरे, चिंदर, वायंगणी इथे काही वर्षांनी एकदा देवाच्या हुकमाने सगळा गाव गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट वेशीबाहेर राहुट्यांत जाऊन राहतो, आणि कौल मिळाल्यावर परततो. आचऱ्यात तीन दिवस, तीन रात्री. एकमेकांचं तोंड न बघणारी दोन घरं शेजारच्या राहुट्यांत! इथे एक थेंबही जादू घालू नका. आहे तसं लिहा, बाहेरच्या वाचकाला हीच जादू वाटेल. गाव काल्पनिक असल्याने देवाचं नावही काल्पनिकच ठेवा.

भाषा: निवेदन प्रमाण मराठीत, संवादात मालवणी, पण वाक्यं छोटी. "फणस आमचो, सावली तुमची" एवढं पुण्या-नागपूरच्या पोरालाही कळतं. वरच्या घराची बोली थोडी प्रमाणाकडे झुकलेली आणि खालच्या घराची ठसठशीत ठेवली तर 'तो म्हणाला, ती म्हणाली' निम्मं कमी होईल. मुलगी त्याच्याशी बोलताना हळूहळू मालवणीवर येते, हे प्रेमाच्या दहा वाक्यांचं काम करेल. तळटीपा आणि शेवटी शब्दकोश नको.

शाईदौत

भावकीचा मुद्दा इतका उघड असून लक्षात आला नव्हता. खोत-कूळ आणि फणस दोन्ही घेते, मोती आणि पक्षी गेले. नवा शेवट असा धरलाय: मुलीला जबाबाची नक्कल मिळते, अंगठा खोटा निघतो, आजोबा कबूल करतात, आणि त्या वर्षी दोन्हीकडच्या फणसांत गरे आणि आठळ्या एकत्र येतात. चालेल? गावपळणीत दोघं लपून एक पिकलेला फणस फोडतात असाही प्रसंग घ्यायचा विचार आहे. आणि ७२ हजार शब्द जास्त होतात का?

तिसरीघंटा

शब्द जास्त आहेत. या वयोगटासाठी ४५ ते ५० हजारांवर आणा. पळून जाण्याचा भाग गेला की बरेचसे आपोआप जातील. उरलेले पक्ष्यांच्या संवादांत असावेत असा अंदाज.

शेवट मात्र नको. झाड बरं झालं की ते बक्षीस ठरतं आणि साठ वर्षांचा हिशेब एका कबुलीत मिटतो. कागदाने काय होईल ते पण बघा. इतक्या उशिरा अपील करायचं तर विलंब माफीचा अर्ज, मग त्यावर सुनावणी. जमीन परत मिळेपर्यंत ही मुलं चाळिशीत जातील. कबुली राहू द्या, पण ती अर्धीच. आजोबा म्हणतात, "माका आठवत नाय," आणि दुसऱ्या दिवशी न सांगता बांधावरचं काटेरी कुंपण दोन हात मागे घेतात. मुलगी रत्नागिरीला कॉलेजात जाते, मुलगा तिथेच. त्यांचं पुढे काय होतं हे वाचकावर सोडा.

माजघर

शेवटाबद्दल थोडा मतभेद. झाडात काहीच बदल झाला नाही तर वाचक म्हणेल, मग जादू कशाला होती. बदल असावा, पण वाकडा. समजा, त्या वर्षी वरच्या घराकडच्या फणसात एक आठळी निघते. एकच. ती कुणाची, यावर नवं भांडण. मला हे जास्त कोकणातलं वाटतं.

दप्तरदार

एक आठळी चालेल. तिची नोंद फेरफारात घालायला निघालेला एक काका पण घ्या, प्रत्येक गावात असतो.

गावपळणीतला फणस चालणार नाही. फणस पिकतो एप्रिल ते जून, गावपळण थंडीत. कोकणातला वाचक तिथेच पुस्तक मिटेल. आठळ्या साठवून ठेवल्या होत्या म्हणाल, तर लाल मातीत घोळवून त्या पावसाळाभर जातात, डिसेंबरपर्यंत खायच्या लायकीच्या राहत नाहीत, आणि पेरायच्या तर ताज्याच लागतात.

पण हेच तुमच्या पथ्यावर पडेल. वरच्या घराकडे गरे, म्हणजे मे महिन्यात घातलेली फणसपोळी त्यांच्या डब्यात असणार. खालच्या घराने जूनमध्ये आठळी लावली, तिचं थंडीपर्यंत वीतभर रोप झालेलं, तेलाच्या कापलेल्या डब्यात. राहुटीवर मुलगी फणसपोळी आणते, मुलगा रोप. ऋतूही चुकत नाही आणि वाटणीही सांभाळली जाते.

गावपळणीत माणसं आणि जनावरं बाहेर नेतात, झाडं जागेवरच राहतात. डब्यातलं रोप कशात धरायचं, यावर वरच्या घराच्या काकाने वेशीवर सगळा गाव थांबवून वाद घातला, तर प्रकरणाची सुरुवात तिथूनच करा.